तीन नंबरची खूण

ही हकीकत खरी आहे. असं सगळेच म्हणतात, हे मला ठाऊक आहे.

मी चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक होतो. दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचायचं आणि त्यातल्या चुका काढायच्या, हेच माझं काम. स्वतः चार ओळी लिहायची हिंमत कधी झाली नाही.   

असो.

गेल्या वर्षीचा मार्च. मंगळवार. दुपारचे अडीच.

असल्या गोष्टींत रात्र असावी लागते, असं म्हणतात. माझ्या बाबतीत जे झालं ते लख्ख उन्हात झालं. त्यामुळे आता मला अंधाराची भीती वाटत नाही. दुपार मात्र नकोशी होते.

जागा, माझ्या धाकट्या भावाचं गॅरेज. म्हणजे एके काळी त्याचं.

हे सगळं लिहून झालं, की मी मोठ्याने वाचणार आहे. मोठ्याने का, ते शेवटी सांगतो.

धाकट्याला सगळे मेस्त्री म्हणत. कारखान्यातून आलेली गाडी ज्यांना पुरत नाही, अशा हौशी लोकांच्या गाड्या तो सुधारून द्यायचा. टर्बो बसवायचा, इंजिनाची ताकद दीडपट, दुप्पट करायची. पण कामाला हात घालण्याआधी तो गिऱ्हाइकाला समोर बसवायचा आणि एकच धडा द्यायचा. रॉड बेअरिंगचा.

मला तो धडा पाठ आहे.

पिस्टनचा दांडा, म्हणजे रॉड, खाली क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या आसाला, धरून फिरतो. जिथे धरतो तिथे धातूच्या दोन पातळ अर्धगोल वाट्या असतात. तेच बेअरिंग. वाटी आणि क्रँक यांच्यात केसाहून बारीक फट असते. त्या फटीत तेलाचा पापुद्रा.

"अख्खं इंजिन त्या पापुद्र्यावर तरंगतं," धाकटा म्हणायचा. "ताकद दुप्पट मागताय ना? मग पापुद्र्यावरचं ओझंही दुप्पट. तो फाटला की लोखंड लोखंडाला खातं."

थंड इंजिन पिळायचं नाही. तेल मुदतीच्या आधी बदलायचं. तेलाच्या टाकीत आडव्या पत्र्या लावायच्या, नाहीतर लांब वळणावर तेल एका कडेला पळतं आणि पंप हवा पितो. जुना फिल्टर फेकायचा नाही, कापून बघायचा. आत चकचकीत कण दिसले तर इंजिन त्याच दिवशी खोलायचं.

आणि आवाज आला तर थांबायचं.

ठक… ठक… ठक…

"हा आवाज ऐकूनही 'घरापर्यंत तर जाईल' म्हणणारा माणूस," धाकटा म्हणायचा, "घरी टोचनावर येतो. गाडी तरी, नाहीतर तो तरी."

त्याने बांधलेलं इंजिन कधी तक्रार घेऊन परत आलं नाही. त्याला कारण होतं त्याची तपासणीची यादी. आणि थोडंसं मी.

छापखान्यात आम्ही प्रूफं दोघांत तपासायचो. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने छापलेल्या कागदावर बोट ठेवून 'हं' म्हणायचं. 'हं' आल्याशिवाय पुढचं वाक्य नाही. एकदा मी हे धाकट्याला सहज सांगितलं. त्याने ते उचललं.

चार रॉड, आठ बोल्ट. प्रत्येक रॉडची फट मोजायची, मिलिमीटरच्या शतांशांत. त्यासाठी मेणासारखा मऊ प्लास्टिकचा धागा मिळतो. तो क्रँकवर ठेवायचा, वाटी बसवून बोल्ट आवळायचे, मग खोलून धागा किती चपटा झाला ते बघायचं. जास्त चपटा म्हणजे फट कमी. धागा जेमतेम दबला, म्हणजे फट जास्त.

मी स्टुलावर बसून वहीतून वाचायचो.

"एक नंबर. पाच शतांश."

"हं."

"एक नंबर, पहिला बोल्ट."

टॉर्कचा पाना ठरलेल्या जोरावर पोचला की वाजतो. कट्.

"हं."

मग मी वहीत लाल पेन्सिलीने खूण करायचो. माझ्या खुणांशिवाय इंजिन बंद होत नसे. भाऊ म्हणून नाही. मी काहीच सोडत नाही म्हणून. मला इंजिनातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण वगळलेली ओळ मला दुरून दिसायची.

"दादा, तुझ्याकडे चूक राहिली तर लोक हसतात," तो एकदा म्हणाला. "माझ्याकडे राहिली तर लोक जातात."

गॅरेजात त्याचा एक भागीदार होता. पैसा त्याचा, हात धाकट्याचे. त्याला प्रत्येक गोष्ट आत्ताच हवी असायची, म्हणून धाकट्याने त्याचं नावच 'आत्ताच' ठेवलं होतं. तोंडावरही तेच म्हणायचा. भागीदार हसायचा.

"तुम्ही दोघं भाऊ इंजिन बांधता की पाढे म्हणता?" आत्ताच विचारायचा.

"पाढेच," धाकटा म्हणायचा. "तुझे कच्चे राहिलेत म्हणून."

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. डोंगराच्या रस्त्यावर गाड्यांची शर्यत होती, रविवारी. आत्ताचने एका बड्या गिऱ्हाइकाला शब्द दिला होता. इंजिन खोललेलं. धाकट्याने फटी मोजल्या. एक, दोन आणि चार नंबरची फट पाच शतांश. तीन नंबरची नऊ.

धाकट्याने वहीत लिहिलं, 'तीन. नऊ. चालणार नाही. किंचित जाड वाट्या मागवल्या. आल्याशिवाय हात लावू नये.'

वाट्या यायला आठ दिवस होते. शर्यतीला पाच.

त्यात धाकट्याला ताप भरला. शुक्रवारी आत्ताचचा मला फोन आला.

"दादा, जाड वाट्या लवकर आल्या. मी बसवतो, तुम्ही यादी वाचा. मेस्त्रीला कशाला उठवायचं तापातून?"

मी गेलो. स्टुलावर बसलो. वाचलं. तो 'हं' म्हणत गेला. पान वळेपर्यंत मी वहीतून मान वर केली नाही. छापखान्याची सवय. वाचणाऱ्याने समोरच्याच्या कागदाकडे बघायचं नसतं.

"तीन नंबर. पाच शतांश."

"हं."

मी खूण केली.

शनिवारी सकाळी धाकटा आला. ताप उतरला होता. वहीतल्या सगळ्या ओळींवर लाल खुणा बघितल्या आणि गाडी बाहेर काढली. शेजारचा टायरवाला सांगतो, की त्याने इंजिन चांगलं दहा मिनिटं गरम केलं, तेलाच्या काट्याकडे बघत बसला होता. नियमाप्रमाणे.

पाण्याच्या टाकीपाशी वळण आहे. तिथे तीन नंबरचा रॉड तुटला आणि इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला. तापलेलं तेल चाकांखाली सांडलं.

पुढे टाकीची भिंत होती.

चौकशी झाली. इंजिनाचे इतके तुकडे झाले होते की वाटी जुनी का नवी, कोण सांगणार. आत्ताच म्हणाला, "सगळं मेस्त्रीनेच बांधलं. मी हात लावला नाही. दादा होते तिथे, त्यांच्या खुणा आहेत."

मला विचारलं, त्या दिवशी बोल्ट कोणी आवळले?

समोर सहा माणसं बसलेली. सगळी माझ्याकडे बघत होती.  मला चार माणसांत बोलता येत नाही, कधीच आलं नाही.

"माझं लक्ष वहीत होतं," मी म्हणालो.

अहवालात लिहिलं गेलं, मेकॅनिकचा निष्काळजीपणा.

ज्याने आयुष्यात एक बोल्ट अंदाजाने आवळला नाही, त्याच्या नावापुढे तो शब्द. मी तो अहवाल वाचला. त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

धाकट्याची बायको मला फक्त एकदा म्हणाली, "दादा, तुम्ही तिथे होतात." प्रश्न नव्हता तो. त्यानंतर ती माझ्याकडे आली नाही. आत्ताचने गॅरेजची पाटी बदलली.

तीन वर्षं गेली. आणि गेल्या मार्चमध्ये, त्या मंगळवारी सकाळी आत्ताचचा फोन.

"दादा, एकदा याल का? यादी वाचायला."

आवाज ओळखू येत नव्हता.

गॅरेजात तीन गाड्या उभ्या होत्या. कामाला माणूस एकही नाही. आत्ताच निम्मा झाला होता. गालफडं बसलेली.

"सगळे सोडून गेले," तो म्हणाला. "तीन वर्षांत इथे बांधलेलं प्रत्येक इंजिन ठोकतं. तीन नंबरलाच. खोलून बघावं तर वाटी कोरी करकरीत. मोजून बघावं तर पाच शतांश. परत बांधलं की ठक… ठक… शेवटचा मेकॅनिक जाताना म्हणाला, मेस्त्री करायचे तसं वाचून घ्या."

"दुसऱ्या कोणालाही वाचता आलं असतं," मी म्हणालो.

"वाचलं ना. मीच वाचलं. 'हं' म्हणायला माणूस होता."

"मग?"

"मी पहिली ओळ वाचायच्या आतच 'हं' आला, दादा. त्या माणसाचा नव्हे."

मला तेव्हाच उठायला हवं होतं. पण नाही म्हणणंही मला जमत नाही.

इंजिन स्टँडवर उलटं टांगलेलं होतं, खालची बाजू वर. क्रँक उघडा. बाजूला धाकट्याचा टॉर्कचा पाना. माझं स्टूल होतं तिथेच होतं. त्यावर धूळ नव्हती. बाकी सगळ्यावर होती.

त्याने माझ्या हातात जुनीच वही दिली.

बाहेर रस्त्यावर ऊन. टायरवाल्याकडे हवा भरायचा पंप चालू होता.

"एक नंबर. पाच शतांश," मी वाचलं.

"हं," आत्ताच म्हणाला.

आणि त्याच्या मागून…

"हं."

हळू. थोडा नाकातला. धाकट्याला बारा महिने सर्दी असायची.

मी आत्ताचकडे बघितलं. त्याने ऐकलं होतं. त्याच्या कपाळावर घाम होता.

"वाचा," तो म्हणाला. "थांबू नका. थांबलं की जास्त होतं."

"एक नंबर, पहिला बोल्ट."

त्याने पाना लावला. कट्.

"हं."

"हं."

दोन नंबर झाला. प्रत्येक ओळीला दोन 'हं'. दुसरा दर वेळी थोडा जवळून. आधी गॅरेजच्या मागच्या भिंतीकडून. मग गाडीखालून. मग इंजिनाच्या स्टँडपाशी, आत्ताचच्या खांद्यामागून.

माझं मन मला सांगत होतं, तू म्हातारा झालास, कान गेलेत. मी माझ्यावर कधीच विश्वास ठेवलेला नाही. तेव्हा मात्र ठेवायचा होता, आणि जमेना.

"तीन नंबर," मी वाचलं. "पाच शतांश."

"हं," आत्ताच म्हणाला.

मग…

काही नाही.

टायरवाल्याचा पंप थांबला होता. रस्ता थांबला होता. इतकी शांतता की माझ्याच नाकातला श्वास मोठा वाटायला लागला.

स्टँडवरचा क्रँक हलला. कोणीही हात लावला नव्हता. अर्धा फेरा, सावकाश. तीन नंबरचा रॉड वर आला आणि आत्ताचच्या समोर थांबला.

"परत वाच, दादा."

आवाज धाकट्याचा होता. रागावलेला नव्हता. चूक सापडली की तो ज्या आवाजात बोलायचा, तोच.

"तीन नंबर. पाच शतांश."

"हं," आत्ताच म्हणाला. जेमतेम.

"परत वाच."

मी वाचलं. किती वेळा, मोजलं नाही. दर वेळी आत्ताचचा 'हं' बारीक होत गेला. तो मागे सरकू बघत होता. पाय उचलत नव्हते. त्याचा उजवा हात टॉर्कच्या पान्याला चिकटल्यासारखा झाला होता आणि पाना रिकाम्या हवेत वाजत होता.

कट्… कट्… कट्…

"नव्हती," तो अचानक बोलला. "नव्हती आली वाटी. जुनीच बसवली. धागा मी ठेवलाच नाही. बोल्ट अंदाजाने आवळले. मला वाटलं, रविवारपुरती तर जाईल. मेस्त्री, मला वाटलं, एवढी एक फेरी…"

पाना थांबला.

"परत वाच, दादा. शेवटचं."



"तीन नंबर. पाच शतांश."

आत्ताचने तोंड उघडलं. त्याला 'नाही' म्हणायचं होतं. मी त्याचे ओठ बघत होतो. 'ना' पर्यंत ते आले होते.

"हं," तो म्हणाला.

त्याने परत तोंड उघडलं.

"हं."

तो माझ्याकडे बघायला लागला. डोळे नुसते फाटलेले. गळ्याला हात लावला. तोंड उघडत होता, मिटत होता.

"हं. हं. हं."

बाहेर टायरवाल्याचा पंप परत सुरू झाला.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. आत्ताच जिवंत आहे. डॉक्टरांनी डोकं तपासलं, घसा तपासला, जागच्या जागी सगळं आहे. मी एकदा बघायला गेलो होतो. बायको त्याला भरवत होती.

"जेवण आवडलं?"

"हं."

"दुखतंय कुठे?"

"हं."

"नेमकं कुठे?"

"हं."

"हे असं आहे," ती मला म्हणाली. "लिहून दाखवा म्हटलं, तर लाल पेन्सिलीने नुसत्या खुणा करतात."

तिला एवढंच ठाऊक आहे, की तो दिवसभर कशाच्या तरी आवाजाला कान लावून बसतो आणि मधूनच दचकतो. मी विचारलं, कसला आवाज? तिने टेबलावर बोटाने वाजवून दाखवलं.

ठक… ठक… ठक…

म्हणजे कबुली ऐकणारा मी एकटा. तो आता कोणापुढे ती परत देऊ शकत नाही. धाकट्याच्या नावापुढचा तो शब्द पुसायचा असेल, तर मलाच लिहावं लागणार. म्हणून हे लिहिलं. एक प्रत धाकट्याच्या बायकोला द्यायची आहे, एक जिथे द्यायची तिथे.

आता मोठ्याने वाचण्याचं सांगतो.

लिहून झाल्यावर प्रूफ तपासावं तसं मी पहिलं वाक्य मोठ्याने वाचलं. दुपारची वेळ, घरात मी आणि मुलगी. ती आतल्या खोलीत.

'ही हकीकत खरी आहे.'

आणि खिडकीशेजारच्या रिकाम्या खुर्चीतून…

"हं."

मी घाबरलो नाही म्हटलं तर खोटं होईल. पण मी वाचत गेलो. वाक्यामागून वाक्य. प्रत्येकाला 'हं'. रॉड बेअरिंगच्या धड्याला तर लगेच. मला रडू आलं. वाटलं, चार वर्षांनी आम्ही परत एकत्र बसलो आहोत.

मग ती ओळ आली. 'पान वळेपर्यंत मी वहीतून मान वर केली नाही.'

'हं' आला नाही.

मी परत वाचली. नाही.

तिसऱ्यांदा वाचली.

"परत वाच, दादा."

वर ती ओळ मी खोडलेली नाही. मुद्रितशोधकाने चूक कशी होती ते दिसू द्यावं, आणि दुरुस्ती शेजारी लिहावी. म्हणून इथे लिहितो.

मी मान वर केली होती. तीन नंबरला. कट् असा आवाज आला नाही, म्हणून केली होती. आत्ताचचे दोन्ही हात खिशात होते. त्याने माझ्याकडे बघून भुवई उडवली. मला विचारायचं होतं, धागा कुठे आहे, वाटीचं खोकं कुठे आहे. पण मला वाटलं, मला काय कळतं इंजिनातलं. उगीच हसेल. मी मान खाली घातली आणि खूण केली.

हे वाचलं मोठ्याने. थांबलो.

खुर्चीतून काही आलं नाही.

कारण अजून एक उरलं होतं. ते चौकशीत कोणी विचारलं नाही, आणि मी वरही लिहिलेलं नाही.

शनिवारी सकाळी, गाडी बाहेर काढायच्या आधी, धाकट्याने मला फोन केला होता.

"दादा, खुणा बघितल्या. तीन नंबरची वाटी तुझ्यासमोर बदलली ना?"

मी लिहिलेलं सगळं वाचून झालं आहे. हा फोनही वाचला. फक्त मी त्याला काय उत्तर दिलं, ते लिहायचं आणि वाचायचं राहिलं आहे. तोंड उघडतो आणि मिटतो. खुर्ची आता खिडकीपाशी नाही. मी ती हलवलेली नाही. ती माझ्या टेबलाच्या पलीकडे आहे, समोर. तो वाट बघतो आहे.

मघाशी मुलगी दारात आली होती.

"बाबा, कोणाशी बोलताय? मी थांबू का इथे?"

मला 'हो, थांब, जाऊ नकोस' म्हणायचं होतं. ते शब्द ओठांपर्यंत आले होते.

"हं," मी म्हणालो.

तिने दोन क्षण वाट बघितली, पुढे काही बोलेन म्हणून.

"हं."

ती दार ओढून गेली.